अडुळशातला शिंपला

१९९९ सालच्या जूनमध्ये कृष्णात कुरणे यांनी दाढी करणं बंद केलं, आणि जुलैत पेठ वडगावची कुत्री त्यांच्यावर भुंकायला लागली.

बावीस वर्षं ते गावात टपाल वाटत होते. ज्या कुत्र्यांच्या पणज्यांनीसुद्धा त्यांना कधी अडवलं नव्हतं, ती आता कोपऱ्यावर उभी राहून मनिऑर्डरी परत पाठवायला लागली. कारण साधं होतं. थोरली मुलगी रूपाली कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एम.फिल. करत होती आणि घरातली दाढीची सगळी पाती तिच्या प्रबंधात चालली होती.

पानाचा छेद घ्यायचा म्हणजे ते आडवं कापायचं, तेही इतकं पातळ की त्यातून पलीकडचा उजेड दिसावा. नव्या पात्यानं दहा छेद नीट येतात. अकरावा फाटतो. रूपालीनं जूनमध्ये आधी वडिलांची एक पुडी उचलली, मग दुसरी, आणि तिसरी उचलताना त्यांनी तिला पकडलं.

"किती दिस लागतील गं अजून?" त्यांनी विचारलं.

"सर सही करतील तवर."

"मग तवर मीबी गालाला पातं लावत न्हाय. बघू, कोण आधी दमतंय."

पारावरची माणसं विचारायची, "काय पोस्टमन, नवस बोललायसा काय?"

"आमच्यात नवस न्हाईत. पोरीला पाती लागत्यात."

"दुकानात मिळत्यात की पाती!"

"मिळत्यात की. पन ती तिकडं हट्ट सोडंना, मग मी हिकडं दाढी कशी करू?"

मग माणसं आपापली तंबाखू मळायला लागायची.

रूपालीचा विषय होता अडुळशाचं पान. खोकल्यासाठी बाजारात अडुळशाच्या पानांची पूड मिळते आणि तीत पुष्कळदा महारुखाची पानं दळून घातलेली असतात. दळल्यावर दोन्ही हिरवी आणि दोन्ही कडू. पोटात जाऊनही कळत नाही, फक्त खोकला तसाच राहतो. खरा अडुळसा कुठला, ते सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघूनच सांगता येतं. ते कसं सांगायचं, हे रूपालीला लिहायचं होतं.

अडचण अशी होती की ते आधीच लिहिलेलं होतं.

लिहिलं होतं तिचे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख डॉ. नृसिंह पुजारी यांनी. सर मूळचे नृसिंहवाडीचे. बोलणं मऊ, धोतरासारखी घडी असलेली पँट, आणि आपल्या शोधाबद्दल बोलताना डोळे मिटायची सवय. १९८१ साली त्यांना अडुळशाच्या पानात एक कण दिसला होता. शिंपल्याच्या आकाराचा, आणि शिंपल्यावर असतात तशाच एकात एक रेषा असलेला. आयोडीन टाकलं की निळाकाळा होणारा. असा कण फक्त खऱ्या अडुळशातच असतो, महारुखात नसतो, असं त्यांनी एका नियतकालिकात छापलं. तेव्हापासून विभागात त्याला 'पुजारी-कण' म्हणत. अठरा वर्षांत अठरा तुकड्यांतल्या पोरांनी तो बघितला, जर्नलमध्ये काढला आणि प्रात्यक्षिकात त्याचे दोन मार्क घेतले.

रूपालीला तो दिसत नव्हता.

जून ते सप्टेंबर तिनं चारशेवर छेद घेतले. वडगावच्या अडुळशाचे घेतले, पन्हाळ्याच्या अडुळशाचे घेतले, विभागाच्या कुंपणाला लावलेल्या अडुळशाचे तर इतके घेतले की त्या बाजूनं आत-बाहेर दिसायला लागलं. पेशी दिसल्या, भित्तिका दिसल्या, केस दिसले, लांबट खडे दिसले. शिंपला नाही.

"डोळे तपासून घे," सर म्हणाले.

तिनं तपासून घेतले. उत्तम असल्याचा दाखला आणून टेबलावर ठेवला.

सरांनी दाखला दोन्ही बाजूंनी वाचला. "मग हात तपासून घे. कण दिसल्याशिवाय मी सही करू शकत नाही, रूपाली. तीस ऑक्टोबरला तुझी नोंदणी संपते, हे मला माहीत आहे. पण जी खूण अख्ख्या विभागाला दिसते ती तुला दिसत नसेल, तर उद्या बाजारातल्या पुडीत तू काय ओळखणार?"

हातांचा दाखला कुठं मिळतो ते तिला माहीत नव्हतं.

शेजारच्या टेबलावर अंतरा काम करायची. घर शाहूपुरीत, वडील कॉलेजातच शिकवायला, आणि स्वभाव कुठलीही अडचण जेवणाच्या सुट्टीआधी मिटवायचा. "अगं, काढ ना दोन शिंपले," ती म्हणाली. "बी.एस्सी.ची पोरं काढतात. मी काढून देऊ? माझे छान येतात, गोल."

"दिसलं तर काढीन."

"दिसण्याचा आणि काढण्याचा काय संबंध? माझ्या जर्नलमध्ये हत्तीचं हृदय आहे, मी हत्ती कुठं कापलाय?"

"मग तू हत्तीवर सही घे," रूपाली म्हणाली आणि नवं पातं काढलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. अडुळशाचं पान पातळ असतं, चिमटीत धरून ते कापता येत नाही. म्हणून कशाच्या तरी फटीत ते बसवायचं आणि दोन्ही एकदम कापायचं. विभागात यासाठी बटाटा वापरत. विभागाचा शिपाई आकाराम दर सोमवारी मंडईतून किलोभर बटाटे आणायचा, आणि शनिवारी उरलेल्यांची भाजी करायचा. रूपाली मात्र घरून भेंड आणायची. ज्वारीचं ताट सोललं की आत जो पांढरा, हलका गाभा निघतो, तो. लहानपणी तिनं त्याच्या गाड्या केल्या होत्या, चष्मे केले होते. त्यात पान कसं बसतं ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. गावाकडची सवय म्हणून कुणी तिकडं लक्ष दिलं नाही. तिनंही नाही.

मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, वडगाव-कोल्हापूर एसटीत, शेजारच्या बाईंच्या मांडीवरच्या शेळीनं तिचं आठवड्याचं भेंड खाऊन टाकलं.

"खाऊ दे गं, मुकं जनावर हाय," बाई म्हणाल्या.

रूपाली विभागात आली आणि म्हणाली, "आकाराममामा, अर्धा बटाटा द्या."

"आता कशी शानी झालीस!" आकारामनं सबंधच दिला.

तिनं बटाट्याला फट पाडली, पान बसवलं, छेद घेतला, काचेवर ठेवला, आयोडीनचा थेंब सोडला आणि डोळा लावला.

समोर शिंपला होता. एक नाही, वीस. निळेकाळे, रेषारेषांचे, अगदी सरांच्या चित्रातले.

"दिसला!" अंतरा तिच्या आधी ओरडली. आकाराम धावत आला. त्यानं डोळा लावला, "झ्याक!" म्हणाला, आणि पेढ्यांचं बघायला बाहेर गेला. एम.फिल. झाली होती. पेठ वडगावात वडिलांना आज साबण भिजवायला हरकत नव्हती.

रूपाली मात्र डोळा काढेना.

"काय बघतेस आता?" अंतरानं विचारलं.

"ह्यो हितं कसा बसलाय ते."

एक कण दोन पेशींच्या मधल्या भित्तिकेवर बसला होता. अर्धं अंग अलीकडच्या पेशीत, अर्धं पलीकडच्या, कंपाउंडच्या भिंतीवर पाय सोडून बसलेल्या माणसासारखा. पेशीत जे तयार होतं ते पेशीच्या भिंतीच्या आत असतं. त्याला भिंत ओलांडून बसता येत नाही, कारण तिथं दार नसतं. तिनं बारीक चाक फिरवलं. कण स्पष्ट झाला की भिंत पुसट होई. भिंत स्पष्ट झाली की कण पुसट. म्हणजे कण भिंतीत नव्हता. वर होता. बाहेरून आला होता.

तिनं काच बाजूला ठेवली. पान न घालता नुसत्या बटाट्याचा छेद घेतला. आयोडीन टाकलं.

शिंपलेच शिंपले. पुजारी सरांचं अख्खं घराणं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं आकारामकडून मिळेल ते मागून घेतलं. रताळ्यात धरलं तेव्हा अडुळशाच्या पानात रताळ्याचे कण सापडले. गाजरात धरलं तेव्हा केशरी ठिपके. बिटात धरलं तेव्हा अडुळशाला रक्त आलं. अंतरानं डब्यातली काकडी पुढं केली.

"हिच्यात धर. बघू, अडुळशाची कोशिंबीर होते का."

चारशे छेदांच्या वह्या, चार महिन्यांची वडिलांची दाढी आणि एक बटाटा. रूपालीला आधी हसू आलं. आता सरांना सांगायचं होतं.

सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. डोळे मिटूनच.

"गाजरात धरलं की कण दिसत नाहीत, हे मला त्र्याऐंशी सालीच कळलं होतं," ते म्हणाले. "गाजराचा रस कणांना मारक आहे. म्हणून तर मी बटाटा सक्तीचा केला."

यात तर्क होता, फक्त तो उलटा उभा होता.

"सर, मग भेंडाला तर रसच नसतो."

"भेंड कोरडं असतं. कण शोषून घेतं." त्यांनी डोळे उघडले. "रूपाली, पोरांच्या छेदांत बटाट्याचं पीठ सांडत असेल, नाही म्हणत नाही. पण माझी स्लाइड स्वच्छ आहे. तिच्यात कण पानाच्या आत आहेत. माझ्या स्लाइडमध्ये खोट दाखव, मी सही करतो. नाही तर मुकाट्यानं कण काढ."

ती स्लाइड लाकडी पेटीत होती, पेटी कपाटात, कपाटाची किल्ली सरांच्या जानव्याला. वर्षातून एकदाच स्लाइड बाहेर यायची. खंडेनवमीला.

विभागात खंडेनवमी मोठी व्हायची. सुतार करवतीला हळदकुंकू लावतो तसं इथं सूक्ष्मदर्शकांना लावत. तराजूला झेंडूची माळ, मोठ्या कापणीयंत्राला नारळ, आणि मधल्या टेबलावर सरांची ती एक्याऐंशी सालची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावलेली. सगळ्यांनी रांगेनं येऊन एकेक डोळा लावायचा, शिंपला बघायचा, प्रसाद घ्यायचा. स्लाइड हलवायची नाही असा दंडक होता. बघायचं ते मधोमध होतं.

रूपालीच्या घरी पूजाअर्चा नव्हती. आजोबांनी छप्पन साली देव्हारा बांधून नदीत सोडला तो सोडलाच. मागल्या वर्षी खंडेनवमीला ती विभागात आलीच नव्हती. यंदा सकाळी आठलाच रांगेत पहिली उभी.

"तू?" आकाराम झेंडू ओवता ओवता थांबला. "तुमच्यात हे चालतंय व्हय?"

"पूजेला न्हाय आलो मामा. बघायला आलोय."

"बघ की. पन एकच डोळा हां, अन् बोट लावायचं न्हाय."

सरांनी नारळ फोडला. अंतराचे वडील, इतर प्राध्यापक, दोन्ही वर्षांची पोरं, सगळे दाटीवाटीनं उभे. रूपाली पुढं झाली. डोळा लावला. मधोमध शिंपला, अठरा वर्षांत थोडा पिवळट झालेला, पण रुबाब तोच. तिनं बारीक चाक फिरवलं. कण भिंतीच्या वरच होता. पण हे फक्त तिला दिसत होतं. सर म्हणतील, चाक सैल आहे. दाखवता येईल असं काही हवं होतं.

तिनं स्लाइडला बोट लावलं.

"ए!" आकाराम ओरडला. हातातला झेंडू खाली पडला.

स्लाइड डावीकडं सरकली. पान सरकलं, पानाची कड आली, कडेनंतर मोकळी काच असायला हवी होती. तिथं मोकळी काच नव्हती. बटाट्याच्या मोठ्या पेशींची एक पातळ पट्टी पानाला चिकटून राहिली होती, शिंपल्यांनी गच्च भरलेली. तिनं आणखी सरकवलं. पट्टीच्या कडेला चपट्या पेशी, विटा रचाव्यात तशा एकावर एक, भिंती जाड, रंगानं लालभडक झालेल्या. पाच थर. सहा.

साल. बटाट्याची साल. अडुळशाच्या पानाला साल नसते.

"पुढं चला की," मागून कुणीतरी म्हणालं. "प्रसाद गार होतोय."

"कुरणे, डोळा काढ," अंतराचे वडील म्हणाले.

"काढते. सरांनी बघितल्यावर." ती बाजूला झाली, पण बोट काचेवरून काढलं नाही. "सर, एकदा बघा. शिंपला नको. कड बघा."

सर वाकले. चष्मा कपाळावर चढवला. खोलीतले सगळे त्यांच्या पाठीकडं बघत उभे राहिले. उदबत्तीची राख तराजूच्या पारड्यात पडली आणि पारडं केसभर खाली गेलं.

डोळा न काढताच सर म्हणाले, "आकाराम, एक्याऐंशी साली बटाटा कुणी सोलला होता?"

"सोललाच न्हवता की सर," आकाराम म्हणाला. "मी सोलाय गेलतो, तर तुम्हीच म्हणालासा, साल ऱ्हाऊ दे, धराय बरं पडतंय."

सर सरळ झाले. चष्मा डोळ्यांवर आणायचं त्यांना सुचलं नाही. तो कपाळावरच राहिला आणि त्यामुळे ते कुणाकडे बघतायत ते कळेना.

"अठरा तुकड्या," ते म्हणाले. "दोन-दोन मार्क."

ज्यांचे ते मार्क होते ती पोरं प्रसादाच्या ताटाकडं बघायला लागली.

"मग खऱ्या अडुळशाची खूण काय?" सरांचा आवाज मऊच होता, पण आता तो परीक्षेतला होता. "नुसतं माझं खोडून प्रबंध होत नाही, रूपाली. तुझं काय आहे?"

रूपालीनं पिशवीतून दोन काचा काढल्या. त्या तिनं पहाटेच तयार केल्या होत्या, नव्या भेंडात धरून. एक अडुळशाची, एक महारुखाची. शेजारच्या सूक्ष्मदर्शकावरचं कुंकू पुसलं आणि पहिली लावली.

"सर, पानाच्या आतल्या काही पेशींत हे चुन्याचे लांबट खडे आहेत. चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते. भित्तिकेतूनच आत वाढलेले, पेशीच्या आतच. माझ्या चारशेच्या चारशे छेदांत आहेत. तुमच्या स्लाइडमध्येही आहेत." ती थांबली. "तुमच्या चित्रातही आहेत. तिथं तुम्ही 'कचरा' लिहिलंय."

सरांनी बघितलं. मग स्वतःच बाटलीतून आम्लाचा एक थेंब घेतला आणि काचेच्या कडेनं आत सोडला. डोळा लावला. खड्यांतून बारीक बुडबुडे सुटले, सोड्याची बाटली उघडावी तसे. एकेक खडा फसफसत विरघळून गेला आणि पेशीची भिंत तेवढी मागं राहिली.

दुसरी काच लावली. महारुख. थेंब सोडला.

काही झालं नाही. सर वाट बघत राहिले. महारुख त्याच्या जागी गप्प.

"कचरा," सर स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं. ते पूजेत ठेवलं होतं, टोपणाला हळद लागली होती. "सहीचं पान आणलंयस?"

तिनं आणलं होतं. जूनपासून ते रोज पिशवीत होतं. शेळीनं भेंड खाल्लं तेव्हाही ते वाचलं होतं.

"प्रस्तावनेत एक वाक्य घालायचं. पूर्वी नोंदवलेला शिंपल्याच्या आकाराचा कण हा छेद घेताना वापरलेल्या बटाट्यातला होता."

"आणि नोंदवणाऱ्याचं नाव, सर?"

"घाल. बटाट्याचं घालतेस, मग माझं कशाला वगळतेस?" त्यांनी सही केली. सहीवर अंगठ्याचं कुंकू उमटलं. ते पुसायला गेले, पसरलं, तसंच राहू दिलं. "पुढच्या सोमवारपासून बटाटे बंद, आकाराम. भेंड आणायचं."

"मग शनवारी भाजी कशाची करू?" आकारामनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. वडगावच्या विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता, आणि कृष्णातरावांनी सकाळीच पांढरा सदरा काढून ठेवला होता. रूपालीनं सहीचं पान त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते पोस्टातल्या रजिस्टरसारखं, बोट फिरवत, वरपासून खालपर्यंत वाचलं.

"ह्ये लाल काय?"

"कुंकू हाय."

"सरकारी कागदाला?" त्यांनी मान हलवली. "असू दे. सही खालीच हाय न्हवं? मग आण पातं."

तिनं पिशवीतलं शेवटचं कोरं पातं काढून दिलं. अर्ध्या तासानं ते अंगणात उभे राहिले तेव्हा गालांचा रंग कपाळापेक्षा दोन छटा उजळ होता, आणि चार महिन्यांनंतर घरातल्यांना त्यांची हनुवटी पुन्हा भेटली.

ते विहाराकडं निघाले. रूपाली मागं मागं. कोपऱ्यावर पाच कुत्री होती. चार महिने रोज दाढी बघून बघून ती नुकती कुठं सरावली होती. आता हा अनोळखी गुळगुळीत माणूस बघून पाचही उठली आणि एका सुरात भुंकायला लागली.

कृष्णातराव जागच्या जागी थांबले.

"रूपे," कुत्र्यांवरची नजर न काढता ते म्हणाले, "म्होरं पीएचडीबी करणार हाईस व्हय?"

"व्हय. करणार."

"मग आधीच सांगायचं हुतं की. कशाला काढली असती?"